एका दिवसाचे हॉलंड

परदेशप्रवास आता पूर्वीइतका दुर्मिळ राहिलेला नाही, आणि त्याबरोबर प्रवासवर्णनाचेही रूप पालटले आहे. महिनोन्‌महिन्यांच्या भ्रमंतीच्या जागी एका दिवसाची सहल आली आहे. हॉलंडपुरते बोलावयाचे, तर या सहलीचा साचा बहुधा ठरलेलाच असतो. सकाळी ॲम्स्टरडॅमहून स्वतंत्र मोटार करावयाची, सोबत एक वाटाड्या घ्यावयाचा, सुमारे सव्वाशे किलोमीटरवरील गिथॉर्न हे कालव्यांचे गाव पाहावयाचे, परतीच्या वाटेवर लेलिस्टाड येथे ‘बटाव्हिया’ या जुन्या धाटणीच्या जहाजावर चढावयाचे आणि दिवेलागणीस मुक्कामी यावयाचे. अशा सहलीवर जे लिहिले जाते, त्याचा थोडा परामर्श घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे. हा लेखनप्रकार आम्हास तुच्छ वाटत नाही. किंबहुना त्याच्या अंगी मोठे सामर्थ्य आहे असे वाटते, म्हणूनच त्याची चिकित्सा अगत्याची आहे.

गिथॉर्नचे वर्णन ‘उत्तरेचे व्हेनिस’ या बिरुदावाचून पुरे होत नाही. त्यामागोमाग बोरूने शाकारलेली छपरे, दीडशेहून अधिक लाकडी पूल, लांब काठीने रेटीत न्यावयाच्या सपाट बुडाच्या नावा आणि ‘या गावात रस्तेच नाहीत’ हा उद्गार येतो. हे शेवटचे विधान सर्वस्वी खरे नाही. जुन्या वस्तीत मोटारीस वाट नाही एवढेच. पायी व सायकलीने जाणाऱ्यांसाठी कालव्याच्या काठाने वाट आहे आणि गावाच्या बाजूने पक्की सडकही जाते. परंतु तपशिलाची चूक सहज दुरुस्त होते. उपमेची चूक अधिक खोल असते, आणि येथे उपमाच फसली आहे.

व्हेनिस हे समुद्राच्या खाजणात व्यापारावर वाढलेले वैभवशाली नगर. गिथॉर्न हे मजुरांच्या फावड्यातून निघालेले गाव. ओव्हरायसेल प्रांताच्या या भागात पीट म्हणून ओळखला जाणारा जळाऊ थर विपुल होता. दलदलीतील वनस्पती शतकानुशतके अर्धवट कुजून, दबून हा थर तयार होतो. तो पाण्याखालून उपसावयाचा, मधल्या अरुंद पट्ट्यांवर पसरून वाळवावयाचा आणि विटा पाडून विकावयाचा, हा येथील धंदा. माल नावेतून नेता यावा म्हणून कालवे खणले गेले आणि घरे पाण्यामधल्या उरलेल्या जमिनीवर राहिली. पूल आले ते या तुकड्यांना जोडण्यासाठी. ज्याला आपण सौंदर्य म्हणतो तो एका उद्योगाचा अवशेष आहे.

या उद्योगाची किंमतही मोजावी लागली. हावेपोटी खड्डे रुंद होत गेले आणि मधल्या पट्ट्या निरुंद. १७७५ व १७७६ सालच्या वादळी पुरांत या पट्ट्या वाहून गेल्या आणि ब्योलाके नावाचे शेजारचे गाव बुडाले. आज तेथे त्याच नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे, त्यावर शिडाच्या होड्या डुलतात, आणि वर्णनकार ‘निळेशार पाणी’ असे लिहून पुढे जातो. त्या पाण्याखाली गाव आहे, हे एक वाक्य त्याने लिहिले असते तर आधीच्या साऱ्या निळाईला अर्थ आला असता. गिथॉर्नची कीर्तीही पुरातन नाही. १९५८ साली बर्ट हान्स्ट्रा यांनी ‘फॅनफेअर’ हा विनोदी चित्रपट येथे चित्रित केला आणि त्यानंतर प्रवाशांची रीघ लागली. म्हणजे आपण जे गाव पाहावयास जातो ते अंशतः पडद्यावर आधीच रचले गेलेले गाव आहे. चांगल्या लेखकाने याची जाण ठेवावी.

आता गिथॉर्न आणि जहाज यांच्यामधल्या वाटेकडे वळू. मोटारीतील हा तास बहुतेक वर्णनांतून गळून पडतो. सपाट शेते आणि पवनचक्क्या एवढीच त्याची नोंद होते. वास्तविक या सहलीतील सर्वात विस्मयकारक वस्तू हीच. ही शेते म्हणजे समुद्राचा तळ आहे. १९१६ च्या महापुरानंतर कोर्नेलिस लेली या अभियंत्याची योजना कायद्याने स्वीकारली गेली. १९३२ साली बत्तीस किलोमीटर लांबीचा बांध पुरा होऊन झाउडरझे हा समुद्राचा फाटा बंदिस्त झाला आणि त्याचे गोड्या पाण्याचे सरोवर बनले. लेलिस्टाडच्या भोवतालची जमीन १९५७ साली कोरडी झाली. या शेतांतून बुडालेल्या शेकडो जहाजांचे सांगाडे निघाले आहेत. नांगर चालविताना जहाज सापडावे, असा हा मुलूख. पण तेथून जाणारा लेखक पुढील ‘पाहण्याचे ठिकाण’ केव्हा येते याची वाट पाहत असतो.

ते ठिकाण म्हणजे ‘बटाव्हिया’. विलेम व्होस या जहाजबांधणी करणाऱ्या कारागिराने १९८५ ते १९९५ या दहा वर्षांत, होतकरू तरुणांना जुनी कारागिरी शिकवीत, ही प्रतिकृती उभी केली. या कामाची थोरवी आम्ही निर्विवाद मानतो. पुस्तकातून विझलेली कला हातांत पुन्हा जिवंत करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. तथापि प्रतिकृतीचा एक दोष आहे: ती नेहमी पूर्ण असते. मूळ जहाज १६२८ साली सुमारे ३४० माणसे घेऊन निघाले आणि ४ जून १६२९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर एका खडकाळ द्वीपसमूहावर आपटून फुटले. मुख्याधिकारी पेल्सार्ट मदत आणण्यासाठी लहान नावेतून जावास गेला. त्याच्या पाठीमागे कोर्नेलिस्झ नामक दुय्यम अधिकाऱ्याच्या टोळीने वाचलेल्यांपैकी शंभराहून अधिक स्त्रीपुरुष व मुले ठार मारली. १९६३ साली फुटक्या जहाजाचा शोध लागला. त्याच्या सांगाड्याचा काही भाग फ्रीमँटल येथील संग्रहालयात आहे. किल्ल्याच्या वेशीसाठी नेलेले घडीव दगडही समुद्रातून वर आले. लेलिस्टाडला डौल पाहावा, पण सत्य फ्रीमँटलला मोडक्या फळ्यांत आहे, याचे भान लेखणीने सोडू नये.

आणि तो किल्ला कोणाचा? डच ईस्ट इंडिया कंपनीचा. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने १६१९ साली जयकर्ता जाळून त्या जागी बटाव्हिया वसविले, १६२१ साली जायफळासाठी बांदा बेटांवरील रहिवाशांचा संहार केला. ‘केवढे हे दर्यावर्दी कर्तृत्व!’ असे उद्गार काढणाऱ्या मराठी लेखकाला येथे आणखी एक गोष्ट स्मरावयास हवी. याच वलंदेजांची वखर सतराव्या शतकात आमच्या वेंगुर्ल्यास होती; तिचे पडके अवशेष अद्यापि तेथे उभे आहेत. त्या जहाजाच्या फळीवर उभा असलेला मराठी माणूस निव्वळ पाहुणा नाही. त्या कथेत त्याच्या किनाऱ्याचेही एक पान आहे. ते न उघडता केलेली स्तुती परक्याच्या घरातील भांडी वाखाणण्यासारखी होय.

या सर्वांना जोडणारा धागा दूरचा नाही. गिथॉर्नच्या परिसरातील पीट ब्लोकझाइल बंदरातून झाउडरझे ओलांडून हॉलंडच्या शहरांकडे जात असे. त्या इंधनावर तेथील चुली, विटांच्या भट्ट्या आणि मद्याच्या भट्ट्या चालत, आणि त्याच शहरांतून जहाजे पूर्वेकडे निघत. गाव, समुद्र आणि जहाज ही एकाच कथेची तीन प्रकरणे आहेत. सहलीच्या वेळापत्रकाने ती तीन ‘स्थळे’ करून टाकली. साहित्याचे काम ती पुन्हा एका सूत्रात ओवण्याचे होते, आणि नेमके तेच होताना दिसत नाही.

एका दिवसात इतके कसे साधावे, असा आक्षेप येईल. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना याचे उत्तर स्वानुभवाने ठाऊक आहे. परप्रांती नोकरी करताना एका दिवसाच्या दौऱ्यात गाव तपासावे लागते. साहेब येणार म्हणून भिंतींना चुना लागलेला असतो आणि ठरलेल्या गल्लीतूनच मिरवणूक निघते. जाणता अधिकारी वेळ अपुरा म्हणून कुरकुरत नाही. तो न दाखविलेले एक दप्तर मागतो आणि दुसऱ्या गल्लीत शिरतो. प्रवासवर्णनकाराकडून आमची अपेक्षा याहून अधिक नाही. गिथॉर्नला त्याने हे पाणी कोणी व कशासाठी खणले ते विचारावे, वाटेत मोटार थांबवून समुद्राच्या तळावर दोन पावले चालावे, आणि जहाजावर त्यातील माणसांचे काय झाले याची चौकशी करावी. तीन प्रश्नांना एक दिवस पुरतो. ते ज्या वर्णनात विचारलेले असतील, ते दहा पानांचे असले तरी आम्ही त्यास साहित्य म्हणू. बाकीच्यास छायाचित्रांखालील मजकूर.