इन्सुलिन उरतं, साखर संपते

रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, कधी थांबतातही. डायलिसिस चुकलेल्या पेशंटला हा धोका मोठा. अशा वेळी जगभर वापरला जाणारा ठरलेला डोस म्हणजे शिरेतून 10 युनिट रेग्युलर इन्सुलिन आणि सोबत 25 ग्रॅम डेक्स्ट्रोज. इन्सुलिन पेशींवरचे पंप जोरात चालवून पोटॅशियम आत ढकलतं, आणि त्यामुळे साखर उतरू नये म्हणून डेक्स्ट्रोज. इथपर्यंत सगळं ठीक. माझा आक्षेप पुढच्या तासांबद्दल आहे.

वेळेचं गणित बघा. एकदाच दिलेल्या डेक्स्ट्रोजचा परिणाम साधारण तासा-दोन तासांत ओसरतो. इन्सुलिनचा मात्र 4 ते 6 तास टिकतो. त्यात इन्सुलिन मोडण्याचं बरंचसं काम किडनीच करते. म्हणजे ज्याला हा उपचार सगळ्यात जास्त लागतो, त्याच्याच शरीरात इन्सुलिन रेंगाळतं. समजा, तासाभराने साखर 110 आली आणि सगळे निर्धास्त झाले. तिसऱ्या तासाला ती 50 असू शकते, आणि पेशंट नुसता झोपलाय असं वाटतं. डायबिटीस नसलेले, मुळात साखर कमी असलेले आणि कमी वजनाचे पेशंट जास्त धोक्यात. तरी 45 किलोच्या बाईला आणि 90 किलोच्या पुरुषाला डोस तोच!

यावरचे बरेचसे अभ्यास जुन्या केसपेपरवर बेतलेले आहेत. तिथेच खरी गोम आहे. साखर तपासलीच नाही, तर ती उतरल्याची नोंद कुठून होणार? ‘आमच्याकडे असं क्वचितच होतं’ याचा अर्थ कधीकधी ‘आम्ही क्वचितच तपासतो’ एवढाच असतो. ‘5 युनिट पुरतात’ हा निष्कर्षही अशाच नोंदींवर उभा आहे. पोटॅशियम फारच वाढलेलं असेल तर तो डोस कमी पडू शकतो.

ब्रिटनच्या किडनी असोसिएशनची मार्गदर्शिका मला जास्त पटते. सुरुवातीची साखर 7 मिलिमोल, म्हणजे आपल्या हिशेबात 126 पेक्षा कमी असेल, तर नंतर 10 टक्के ग्लुकोज ताशी 50 मिली, 5 तास चालू ठेवा, असं ती सांगते. शिवाय पुढचे अनेक तास साखर तपासत राहायचं.

पण ती आपल्या वॉर्डसाठी लिहिलेली नाही. आपल्याकडे इन्सुलिन 40 आणि 100 युनिट प्रति मिली अशा दोन्ही ताकदींत मिळतं. 100 वालं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये 10 च्या खुणेपर्यंत भरलं, तर जातात 25 युनिट. ही चूक डेक्स्ट्रोज भरून काढणार नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. इन्सुलिनच्या ऑर्डरखालीच पुढच्या 6 तासांतल्या साखर तपासणीच्या वेळा लिहिलेल्या हव्यात. तुमचं माणूस वॉर्डात असेल, तर सिस्टरना एवढं जरूर विचारा: पुढची साखर किती वाजता बघणार?