सिम्प्युटर : यंत्रसामग्री आणि भांडवल यांच्या अंगाने एक चिकित्सा

प्रस्तावना

ऑक्टोबर १९९८ मध्ये बंगळूर येथे विकसनशील देशांसाठी माहिती तंत्रज्ञान या विषयावर एक आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला. ज्यांना इंग्रजी येत नाही, ज्यांच्यापैकी अनेकांना अक्षरओळखही नाही आणि ज्यांना टेबलावरचा संगणक परवडणार नाही, अशा माणसांच्या हाती संगणक कसा पोहोचेल, हा प्रश्न तेथे चर्चिला गेला. त्या चर्चेतून ‘सिम्प्युटर’ची कल्पना साकारली. साधा, स्वस्त, बहुभाषिक असा हा हातात मावणारा संगणक घडविण्यासाठी १९९९ मध्ये सिम्प्युटर न्यास स्थापन झाला. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील विनय देशपांडे व त्यांचे सहकारी हे त्याचे विश्वस्त होते. एप्रिल २००१ मध्ये पहिले प्रतिरूप लोकांसमोर आले. किंमत सुमारे ९,००० रुपये राहील, असे सांगण्यात आले. देशी-विदेशी वृत्तपत्रांनी त्याचे मोठे कौतुक केले. वृत्तांनुसार २००५ पर्यंत विकली गेलेली संख्या सुमारे चार हजार होती. अपेक्षा पन्नास हजारांची होती.

या अपयशाची मीमांसा करताना मोबाईलकडे बोट दाखविण्याचा प्रघात पडला आहे. मोबाईल स्वस्त झाला, म्हणून सिम्प्युटर मागे पडला, असे म्हटले की विषय संपतो. प्रस्तुत लेखकास हे उत्तर अपुरे वाटते. सिम्प्युटरच्या कर्त्यांनी कोणती गोष्ट मुक्त केली आणि कोणती गोष्ट त्यांना मुक्त करता आली नाही, हा भेद केल्याशिवाय या प्रयोगाचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

आराखडा आणि साचा

सिम्प्युटरचे सर्वांत मौलिक अंग म्हणजे त्याचा परवाना होय. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतील विचार हार्डवेअरला लावण्याचा तो आरंभीच्या काळातील एक धाडसी प्रयत्न होता. यंत्राचा आराखडा खुला राहील. एकरकमी शुल्क भरून कोणीही त्याचे उत्पादन करू शकेल. विकसनशील देशांतील उत्पादकास हे शुल्क कमी आणि विकसित देशांतील उत्पादकास अधिक असेल. उत्पादकाने आराखड्यात केलेल्या सुधारणा ठरावीक मुदतीनंतर न्यासाकडे परत येतील, अशी ती योजना होती. मुदतीची तरतूद विशेष विचारपूर्वक केलेली दिसते. ज्याने पैसा घातला त्यास काही काळ आघाडी मिळावी आणि त्यानंतर ज्ञान सर्वांचे व्हावे, असा समतोल त्यात साधला आहे. कायद्याची रचना म्हणून ती आजही अभ्यासण्याजोगी आहे.

परंतु सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर यांत एक मूलभूत अंतर आहे. सॉफ्टवेअरची दुसरी प्रत काढण्यास जवळपास काहीच खर्च येत नाही. म्हणून तेथे संहिता मुक्त झाली की वस्तूच मुक्त होते. हार्डवेअरमध्ये आराखडा ही वस्तू नव्हे. वस्तू होण्यासाठी प्लॅस्टिकच्या कवचाचा साचा लागतो, सर्किट बोर्डाच्या चाचण्यांची यंत्रणा लागते, पडदा आणि प्रोसेसर यांची घाऊक खरेदी लागते आणि माल विकला जाऊन पैसे परत येईपर्यंतचे खेळते भांडवल लागते. यांपैकी एकही गोष्ट परवान्याने मुक्त होत नाही. न्यासाने जे मुक्त केले ते या व्यवसायातील सर्वांत स्वस्त अंग होते, असे म्हणणे थोडे कठोर वाटेल, पण ते वस्तुस्थितीला धरून आहे.

हा मुद्दा आकड्यांत मांडून पाहू. समजा, साचे, बोर्डाची मांडणी, चाचण्या आणि प्रमाणपत्रे यांवर उत्पादनापूर्वीच एक कोटी रुपये खर्च झाले. हा खर्च पन्नास हजार नगांवर विभागला तर प्रत्येक नगावर २०० रुपयांचा बोजा पडतो. तोच चार हजार नगांवर विभागला तर २,५०० रुपयांचा. शिवाय पडद्याचा वा मेमरीचा पुरवठादार चार हजारांच्या गिऱ्हाइकाला पन्नास हजारांचा भाव देत नाही. बहुधा उधारीही देत नाही, आगाऊ रक्कम मागतो. म्हणजे किंमत कमी व्हावी तर संख्या हवी आणि संख्या वाढावी तर किंमत कमी हवी. हे चक्र तोडण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे कोणीतरी आधी तोटा सोसण्यास तयार असणे.

सिम्प्युटरचे तांत्रिक अंग पाहिले तर ही ओढाताण जागोजाग दिसते. इंटेलचा स्ट्राँगआर्म जातीचा प्रोसेसर, स्पर्शाने चालणारा ३२० गुणिले २४० बिंदूंचा पडदा, लिनक्स ही कार्यप्रणाली, स्मार्ट कार्डसाठी खाच आणि भारतीय भाषांतील मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली, असा तो संच होता. २००१ साली एवढी सामग्री ९,००० रुपयांत बसविणे ही सोपी गोष्ट नव्हती. तुलनेसाठी, ऑक्टोबर २००२ मध्ये पाम कंपनीने ९९ डॉलरना बाजारात आणलेल्या झायर या यंत्रात अवघी दोन मेगाबाइट मेमरी होती आणि त्याच्याकडून मराठी वा कन्नड बोलण्याची अपेक्षा कोणी केली नव्हती. शिवाय स्ट्राँगआर्मची जागा घेणारी एक्सस्केल ही नवी मालिका इंटेलने २००२ मध्येच पुढे आणली. मोठ्या कंपन्या अशा वेळी नव्या प्रोसेसरसाठी बोर्ड नव्याने आखतात किंवा जुन्याचा साठा करून ठेवतात. दोन्हींसाठी पैसा लागतो. लहान उत्पादकाची मात्र पहिली खेप विकण्याआधीच सामग्री जुनी होऊ लागते.

सामायिकतेचा पेच

आता थोडे अडचणीच्या मुद्द्याकडे वळावयास हवे, कारण येथे सिम्प्युटरचा सामाजिक विचार आणि त्याचे उत्पादनशास्त्र समोरासमोर येतात. एक यंत्र अनेकांनी वापरावे, हे या कल्पनेचे हृदय होते. यंत्र पंचायतीचे, शाळेचे किंवा दुकानदाराचे. प्रत्येकाची माहिती मात्र त्याच्या स्वतःच्या स्मार्ट कार्डावर. गरीब माणसाला ९,००० रुपये परवडणार नाहीत, पण एक कार्ड आणि थोडे भाडे परवडेल, असा हा हिशेब होता. गावगाड्यात अवजारे उसनी देण्याघेण्याची रीत ठाऊक असणाऱ्या कोणासही हा विचार पटेल.

परंतु एक यंत्र पन्नास जणांत वापरले गेले, तर विक्री पन्नासाव्या हिश्श्यावर येते. जी कल्पना यंत्र गरिबाच्या आवाक्यात आणते, तीच कल्पना उत्पादनाची संख्या घटवून त्याच यंत्राची किंमत वर नेते. हा अंतर्विरोध सिम्प्युटरविषयीच्या लेखनात पुरेसा तपासला गेलेला नाही. रॉड्रिगो फोन्सेका आणि जोयोजीत पाल यांनी २००३ मध्ये ब्राझीलचा ‘जनसंगणक’ आणि सिम्प्युटर यांचा तुलनात्मक अभ्यास केला. तो महत्त्वाचा आहे. परंतु सामायिक वापर आणि घाऊक उत्पादन यांचे गणित एकमेकांच्या विरुद्ध जाते, हा प्रश्न मराठीत तर कोणी उपस्थित केल्याचे आढळत नाही.

मोबाईलचा खरा धडाही येथेच आहे. २००३ मध्ये रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन घेण्याची योजना काढली आणि त्याच वर्षी येणारे कॉल निःशुल्क झाले. फोन अधिक देशी होता किंवा निरक्षरास अधिक सुलभ होता म्हणून जिंकला, असे नव्हे. त्या वेळच्या बहुतेक फोनांवर मराठी धड लिहिताही येत नव्हते. त्याची किंमत पुढच्या अनेक महिन्यांच्या संभाषणातून वसूल करता येत होती, आणि तोवर थांबू शकेल असे भांडवल त्याच्या पाठीशी होते. सिम्प्युटरमागे असे कोणीच नव्हते.

पैसा कोणाचा?

न्यासाने स्वतः उत्पादन न करता परवाने देण्याचे ठरविले होते. प्रत्यक्षात पुढे आलेले प्रमुख परवानाधारक दोन, एन्कोर आणि पिकोपेटा, आणि दोन्ही विश्वस्तांच्याच वर्तुळातील. आधीच अपुरी असलेली मागणी त्यामुळे दोन निरनिराळ्या प्रतिरूपांत विभागली गेली. पिकोपेटाने भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या साहाय्याने एप्रिल २००४ मध्ये ‘अमिडा’ सिम्प्युटर बाजारात आणला. साध्या प्रतिरूपाची किंमत दहा हजारांच्या आसपास, तर रंगीत पडद्याच्या प्रतिरूपाची वीस हजारांच्या आसपास होती. यंत्र हलवून पान उलटण्याची सोय त्यात होती. हालचाल ओळखणारी अशी कळ पुढे प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आली, हे येथे नोंदविले पाहिजे. अभियंत्यांच्या कल्पकतेत उणीव नव्हती.

याच चार प्राध्यापकांनी २००० मध्ये स्ट्रँड जिनॉमिक्स ही जीवशास्त्रीय माहितीवर काम करणारी कंपनी काढली. तिला जोखीम भांडवल मिळाले. त्या काळी भारतातील जोखीम भांडवलाचा ओढा सॉफ्टवेअर आणि सेवा यांकडे होता. गोदामात माल अडकवून ठेवणाऱ्या, गरीब ग्राहकाकडे पाहणाऱ्या धंद्यास तेथे फारसे स्थान नव्हते. तीच माणसे, तेच शहर, तोच काळ; फरक फक्त वस्तूच्या स्वरूपाचा होता.

सिम्प्युटरला जे ग्राहक लाभले ते संघटित क्षेत्रातील होते. मुंबईत महिंद्र अँड महिंद्रने वाहनांच्या इंजिनांतील दोष शोधण्यासाठी, तर गोव्यात डेम्पो समूहाने खाणीपासून जहाजापर्यंत जाणाऱ्या लोहखनिजाचा माग ठेवण्यासाठी त्याचा उपयोग केला. मूळ जाहीरनाम्याशी याचा संबंध फारसा उरला नव्हता. तरी या वापरांना तडजोड म्हणून हिणविणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. लहान संख्येत, योग्य किमतीला, कामाच्या जागी यंत्र विकून पुढच्या खेपेचे भांडवल उभारणे हाच कदाचित शहाणपणाचा मार्ग होता. परंतु ९,००० हा आकडा आरंभीच जाहीर झाल्यामुळे त्याहून महाग प्रत्येक यंत्र वचनभंगासारखे दिसू लागले. पिकोपेटा २००६ मध्ये मुंबईच्या जिओडेसिक या कंपनीत विलीन झाली.

ग्राहकांकडूनच आगाऊ पैसे घेतले तर? युरोपातील ‘पँडोरा’ या स्वतंत्र हातसंगणकाने हा मार्ग धरला. ब्रिटन आणि जर्मनीतील काही हौशी मंडळींनी, कोणत्याही मोठ्या कंपनीविना, लिनक्सवर चालणारे, कळफलक आणि खेळाच्या कळा असलेले हे यंत्र घडविले. ३० सप्टेंबर २००८ रोजी नोंदणी सुरू झाली. सुमारे ३३० डॉलर भरून पहिल्या चार हजार नगांसाठी ग्राहक पुढे आले. यंत्रे काही महिन्यांत मिळणार होती. प्रत्यक्षात वितरण २०१० मध्ये सुरू झाले. कवचाच्या साच्यांत दोष निघाले, बोर्डांत दोष निघाले, उत्पादन अमेरिकेतून जर्मनीत हलवावे लागले. पुढे अधिक वेगवान व महाग प्रतिरूप विकून त्या नफ्यातून आधी पैसे भरलेल्यांची यंत्रे तयार करण्याची वेळ आली. याच परंपरेतील ‘पायरा’ची नोंदणी २०१६ मध्ये झाली आणि तेथेही प्रतीक्षा वर्षानुवर्षे लांबली. येथे जोखीम नाहीशी होत नाही. ती ग्राहकाच्या खांद्यावर जाते. युरोपातील हौशी ग्राहक ती पेलू शकतो. रायचूर वा नंदुरबार जिल्ह्यातील पंचायत दोन वर्षे आगाऊ पैसे गुंतवून थांबू शकेल, असे म्हणणे हास्यास्पद ठरेल.

उरतो तो शासनाचा पैसा. त्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी ‘आकाश’ टॅबलेटच्या रूपाने घेतला आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याचे अनावरण झाले. शासनाने त्यासाठी नगामागे सुमारे २,३०० रुपये मोजले. ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि दाबून चालवावा लागणारा पडदा घेऊन ते यंत्र आले, आणि चाचणीच्या निकषांवरून पुरवठादार कंपनी व आयआयटी राजस्थान यांच्यात वाद झाला. २०१२ मध्ये ही जबाबदारी आयआयटी मुंबईकडे आली व सुधारित आवृत्ती निघाली. सिम्प्युटरला जो मोठा ग्राहक कधी मिळाला नाही, तो येथे होता. परंतु त्या ग्राहकाने यंत्राचे काम न ठरविता ३५ डॉलरची किंमत ठरविली. सिम्प्युटरकर्त्यांनी उपयोगापासून आरंभ केला होता, आणि या एका बाबतीत ते ‘आकाश’च्या पुष्कळ पुढे होते.

मे २०२३ मध्ये केंद्र शासनाने संगणक, लॅपटॉप, टॅबलेट आदींच्या उत्पादनासाठी १७,००० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिचे अनुदान वाढीव विक्रीवर, म्हणजे माल विकल्यानंतर मिळते. मोठ्या उत्पादकास ते उपयुक्त आहे; ज्याला पहिल्या हजार नगांसाठी साचा पाडावयाचा आहे, त्याला नाही. दुसऱ्या टोकास आपल्या विद्यापीठांतील इनक्युबेशन केंद्रे आणि ‘आविष्कार’सारख्या संशोधन स्पर्धा प्रतिरूपापर्यंत साथ देतात. प्रतिरूप आणि विक्री यांच्या मधल्या पट्ट्यात, जेथे सिम्प्युटर अडकला, तेथे अद्यापही कोणाची निश्चित जबाबदारी नाही. महाविद्यालयांनी आणि जिल्हा परिषदांनी मिळून पाचशे वा हजार नगांची आगाऊ, पण कामाच्या निकषांवर तपासलेली मागणी नोंदविली, तर हा पट्टा किती आखूड होईल, हे तपासण्यास एखाद्या विद्यापीठाने प्रायोगिक तत्त्वावर पुढे येण्यास हरकत नाही. त्या मागणीपत्रात किंमत हा रकाना मात्र शेवटी ठेवावा लागेल.