मीठ धुणाऱ्या बापाची मुलगी

‘चिंता सोडा’ असं सांगणाऱ्या पुस्तकांशी माझं एक भांडण आहे. ती चिंता नीट दाखवतच नाहीत, थेट उपायाला हात घालतात. लॉग न वाचता बग सोडवायला बसावं, तसं. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ त्या कपाटातलं नाही. 1934 ते 1936 या काळात चार भागांत आलेलं हे आत्मचरित्र. बऱ्याच जणांची त्याच्याशी ओळख शाळेतल्या धड्यापुरतीच असते. पण कठीण दिवसांत माणूस तग कसा धरतो, हे समजून घ्यायला मी त्याच्याकडेच जातो.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक फाशी आहे. 1857 च्या धामधुमीत घरातल्या एका वडीलधाऱ्या नातलगाला फासावर चढवलं गेलं आणि लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय वापरायची नाही. अगदी मीठ आणि साखरसुद्धा! 2020 मध्ये दुधाच्या पिशव्या साबणाने धुतलेल्या आपल्या पिढीला हे वेड परकं वाटू नये. मीठ धुतलं की हातात मीठ उरत नाही, धुण्याचं समाधान तेवढं उरतं. रात्री तीनदा उठून फोनवर सर्व्हरचा ग्राफ बघणारा माणूस याहून वेगळं काय करतो?

लक्ष्मीबाई हे सगळं हसत सांगतात. वडिलांची कीव करत नाहीत, त्यांच्यावर चिडतही नाहीत. त्यामुळे या पुस्तकाच्या विनोदाचं कौतुक खूप होतं आणि ते योग्यच आहे. मात्र विनोदानेच त्यांना तारलं, हे मला पटत नाही. विनोद सांगण्यात आहे, आणि हे सांगणं पुष्कळ वर्षांनंतरचं आहे. प्रत्यक्ष संकटात त्या हसत नव्हत्या. 1895 मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या या बाईच्या पायाखालची जमीनच गेली. पुढची काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. ही पानं वाचताना हसू येत नाही.

मग सुटका कशी झाली? माझ्या मते पुस्तकाचा गाभा इथे आहे. जात माणसांनी केलेली आहे, हे त्यांना विचाराअंती पटलं आणि त्यांनी शिवाशिव सोडली. 1900 मधला बाप्तिस्मा त्यानंतरचा. बापाची भीती शेवटी कुणाच्या हातांवर जाऊन बसली होती? ज्यांना शिवायचं नाही, त्या माणसांच्या हातांवर. मुलीने तीच माणसं जवळ केली. चिंता सोडणं म्हणजे इथे मन शांत करणं नव्हे, तर भीतीने घालून दिलेला एक नियम रोजच्या वागण्यातून काढून टाकणं. नियम गेला आणि त्याच्यामागून भीतीचा जोर ओसरला. आपल्याला सहसा उलटा क्रम शिकवला जातो: आधी मन शांत करा, मग वागणं बदलेल.

पुस्तकाची एक बाजू मात्र मला खटकते. टिळकांचा रागीटपणा, न सांगता घरातून निघून जाणं, हातात येईल तो पैसा वाटून टाकणं, या सगळ्याची झळ लक्ष्मीबाईंनाच बसली. तरी प्रत्येक वेळी प्रसंगाला गमतीचं वळण मिळतं आणि टिळक अलगद सुटतात. प्रेम म्हणून हे समजतं. पण दुसऱ्याच्या लहरीमुळे आलेली काळजी हसण्यावारी नेली, तर ती देणारा तसाच राहतो. वडिलांचा नियम मोडणारी लेखिका नवऱ्याच्या बाबतीत एवढी उदार का होते, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही माझ्यापाशी उरतो.

एवढं धरूनही हे पुस्तक वाचाच. त्यातले विनोद शोधू नका, ते आपोआप भेटतील. आपल्या घरात कुठलं मीठ अजून धुतलं जातंय, तेवढं वाचता वाचता बघा.