शेवट माहीत असूनही

पानिपतावर काय झालं हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तरी विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८) हाती घेतलेल्या वाचकाचा जीव शेवटपर्यंत टांगणीला लागतो. ऐतिहासिक थरारकादंबरीची कसोटी इथेच लागते. निकाल आधीच तारीखवार नोंदलेला. मग धाकधूक आणायची कुठून? नदीच्या पुरातून, उशिरा पोचलेल्या खलित्यातून, तळाला गेलेल्या धान्याच्या कोठारातून. यमुना दुथडी भरलेली, म्हणून मराठी फौज निर्धास्त. आणि ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ नदी उतरून येतो. तिथे पोटात गोळा येतो, कारण तोवर आपणही त्या पाण्याच्या भरवशावर बसलेलो असतो. पुढची उपासमार दीडशे पानांत उरकली असती तर ती बातमी झाली असती. या जातीच्या कादंबरीत कट शिजवतात ते हवामान आणि भूगोल, आणि त्यांना पानं लागतातच. जाड कादंबरी दिसली की ‘पाल्हाळ’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही.

मराठीत हा वाण जुना आहे. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१) ‘विविधज्ञानविस्तारा’त क्रमशः आली, हरिभाऊ आपट्यांची ‘उषःकाल’ ‘करमणुकी’त. पुढच्या अंकापर्यंत वाचक अडकून राहायला हवा, या गरजेतून वेषांतरं, भुयारं, रात्रीच्या गुप्त भेटी आल्या. गो. ना. दातारांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या कथा आपल्या मातीत रुजवून ‘कालिकामूर्ति’, ‘शालिवाहन शक’ लिहिल्या. समीक्षेने दातारांना कायम ओसरीवरच बसवलं, हा अन्याय आहे. प्रकरण नेमकं कुठे तोडावं हे त्यांच्याइतकं फार थोड्यांना कळलं.

रणजित देसाईंच्या ‘स्वामी’नंतर (१९६२) वारं बदललं. ‘स्वामी’ची योग्यता मी कमी लेखत नाही, पण तिच्यामागून जी रीघ लागली तीत नायक मखरात बसला. मखरातल्या माणसाबद्दल शंका घेता येत नाही, आणि शंकेला जागाच नसेल तर थरार कशाचा? ना. सं. इनामदार मात्र वेगळे. इतिहासाने बदनाम केलेली, कडेला टाकलेली माणसं त्यांनी निवडली. ‘झेप’मधला त्रिंबकजी डेंगळे घ्या. १८१६ च्या सप्टेंबरात तो ठाण्याच्या किल्ल्यातून निसटला. बाहेरचा मोतद्दार घोड्याला खरारा करता करता गाण्यातून सुटकेचा बेत कळवत होता आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना मराठी येत नव्हतं! ‘शिकस्त’ त्याहून गडद आहे. पानिपतानंतर पती जिवंत आहे या श्रद्धेवर जगणाऱ्या पार्वतीबाई, आणि पुढे त्या पतीच्या, भाऊसाहेबांच्या, नावाने उभा राहिलेला तोतया. ओळख पटवण्याचा हा खटला जगातल्या कुठल्याही रहस्यकथेच्या तोडीचा आहे. या दोन कादंबऱ्या आधी वाचाव्यात, असं मी आग्रहाने सांगेन.

अलीकडे डॉ. प्रकाश कोयाडे यांच्या ‘प्रतिपश्चंद्र’ने शिवकाळातलं गूढ आजच्या काळात आणलं, तरुण वाचक पुन्हा या वाटेला वळला, याचा मला आनंद आहे. तक्रार आहे ती या धाटणीच्या घाईबद्दल. कोडं सुटतं, पुढचं कोडं येतं. गडावरचा वारा अंगाला लागायला उसंतच मिळत नाही. उंबेर्तो इकोला ‘द नेम ऑफ द रोझ’ची पहिली शंभर पानं कापण्याचा सल्ला मित्रांनी दिला होता. त्याने तो मानला नाही. मठात राहायला जायचं तर मठाची चाल अंगवळणी पडली पाहिजे, हे त्याचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

आणि आमचा भंडारा? मराठी ऐतिहासिक कादंबरी पुणे, सातारा, रायगड सोडून पूर्वेकडे फारशी आलीच नाही. सामग्रीची वाण इथे कधीच नव्हती. तुमसर तालुक्यातला आंबागड साधारण १७०० च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंदाच्या अमलात राजा खान पठाणाने बांधला. पुढे भोसल्यांनी तो कैदखाना म्हणून वापरला, आणि कैद्यांना गडावरचं विषारी पाणी पाजून मारत, अशी आख्यायिका आहे. त्यात नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांची हकिगत मिसळा. फेब्रुवारी १८१७ मध्ये गादीवरच्या परसोजींचा खून, नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई, मग अटक. मे १८१८ मध्ये अलाहाबादच्या वाटेवर, जबलपूरजवळच्या मुक्कामी, ते शिपायाच्या वेषात पहाऱ्यातून बाहेर पडले. अंमलदार तंबूत डोकावला तेव्हा बिछान्यावर उशी होती आणि दोन सेवक तीच चेपत बसले होते. त्याच साली त्यांच्या बाजूने कामठ्याचा जमीनदार चिमणा पाटील उठला. कामठा आज गोंदियात असला, तरी १९९९ पर्यंत तो भंडारा जिल्ह्यातच होता.

हे लिहिणाऱ्याला वैनगंगा माहीत हवी. २०२० च्या ऑगस्टअखेर शहरात शिरलेलं पाणी ज्यांनी पाहिलं, त्यांना पूर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. १८१८ च्या पावसाळ्यात तिच्या काठी अडकलेली तुकडी आणि पलीकडे निघून गेलेला हेर एवढ्यावर दोनशे पानं सहज उभी राहतील. भाषेचं भानही हवं. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत सरदार, पागे, कुळवाडी, सगळे एकाच दरबारी मराठीत बोलतात, ही या कलेची जुनी खोड आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी इथल्या झाडीबोलीवर आयुष्यभर काम करून ठेवलं आहे. शब्द हाताशी आहेत. कामठ्याच्या वाटेवर इंग्रजांच्या स्वाराने रस्ता विचारला, तर तिथला कास्तकार त्याला झाडीबोलीतच चुकवेल. कादंबरीकाराने त्या कास्तकारापासून सुरुवात करावी. आप्पासाहेब तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात आले तरी चालतील.