जागा खऱ्या, क्रम खोटा

२२ जुलै १९३४ च्या रात्री शिकागोच्या बायोग्राफ चित्रपटगृहातून ‘मॅनहॅटन मेलोड्रामा’ पाहून बाहेर पडताना बँक-दरोडेखोर जॉन डिलिंजर केंद्रीय तपास खात्याच्या गोळ्यांना बळी पडला. मायकल मॅनचा ‘पब्लिक एनिमीज’ (२००९) याच रात्रीकडे सरकत जातो. तो पुन्हा पाहताना मला एक विसंगती जाणवली.

जागांबाबत मॅन कमालीचा काटेकोर आहे. डिलिंजर जिथून निसटला तो क्राउन पॉइंटचा तुरुंग, विस्कॉन्सिनमधले ‘लिट्ल बोहेमिया’ आणि बायोग्राफ या मूळ ठिकाणीच चित्रीकरण झाले. दान्ते स्पिनॉत्तीचा डिजिटल कॅमेरा जुनेपणाची तपकिरी छटा नाकारतो. १९३४ काल घडल्यासारखे वाटते.

काळाबाबत मात्र तो सैल आहे. चित्रपटात ‘प्रिटी बॉय’ फ्लॉइड आणि ‘बेबी फेस’ नेल्सन डिलिंजरच्या आधी मरतात. वास्तवात फ्लॉइड ऑक्टोबरमध्ये आणि नेल्सन नोव्हेंबरमध्ये, म्हणजे दोघेही त्याच्यानंतर मारले गेले. चित्रपट म्हणजे इतिहासाचे पाठ्यपुस्तक नव्हे, हे मान्य. पण या फेरफाराने साधले काय? डिलिंजर शेवटचा एकाकी वीर ठरला, आणि एका काळाची गोष्ट एका माणसाच्या नियतीची गोष्ट झाली.

तो काळच पडद्यावरून निसटतो. १९३० ते १९३३ दरम्यान अमेरिकेत सुमारे ९,००० बँका बुडाल्या. ठेवींना विम्याचे संरक्षण १९३३ च्या कायद्याने आले. आयुष्यभराची पुंजी गमावलेल्यांना बँक लुटणारा आपला का वाटला असेल, हे या आकड्यांतून कळते. जॉनी डेपचा डिलिंजर एका ग्राहकाला त्याचे पैसे परत खिशात ठेवायला सांगतो. पण तो ग्राहक कोण, त्याचे काय बुडाले, हे आपल्याला ठाऊक नसते. त्यामुळे प्रसंगात केवळ दिलदारी उरते.

तरीही बायोग्राफमधले दृश्य मला अस्सल वाटते. पडद्यावर क्लार्क गेबलचा गुंड हसतमुखाने मृत्युदंडाकडे निघतो आणि अंधारात डिलिंजर स्वतःची दंतकथा पाहतो. दरोडेखोराला सिनेमा किती हवा असतो, हे मॅनला नेमके उमगले आहे. दरोडेखोर लोकांना का हवा असतो, हा प्रश्न मात्र तो विचारत नाही. त्या रात्री रस्त्यावरच्या काही बघ्यांनी डिलिंजरच्या रक्तात रुमाल बुडवल्याचे तेव्हा छापून आले होते. त्या रुमालांमागच्या माणसांचा चित्रपट अजून व्हायचा आहे.