काढून टाकलेल्या शब्दाचं पदकृत्य

या व्याख्यानमालेत आपण बहुतेक वेळा ग्रंथांवर बोलतो. आज जी संहिता घेतली आहे ती सी नावाच्या संगणकी भाषेतली आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाने या भानगडीत कशाला पडावं, असं कुणाला वाटेल. पण प्रोग्रॅम हाही मजकूरच असतो. एक जण तो लिहितो, दुसरा वाचतो, तिसरा दुरुस्त करतो. आणि जिथे वाचणं आलं तिथे समीक्षा आलीच. नांदेड-लातूरची मुलं-मुली इंजिनिअर होऊन पुण्याला, हैदराबादला जातात. तिथे त्यांना कोरा कागद क्वचित मिळतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला कोड पुढ्यात येतो आणि 'हा जरा नीट करून घे' असं सांगितलं जातं. वागणूक तीच ठेवायची आणि आतली मांडणी बदलायची, याला ते रिफॅक्टरिंग म्हणतात. कोड लिहायला आपण त्यांना शिकवतो. दुसऱ्याचा वाचायला कोण शिकवतं?

उदाहरण घेऊ ओपनएसएसएचचं. दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायला जगभर वापरला जाणारा हा प्रोग्रॅम. १९९९ पासून ओपनबीएसडी प्रकल्पातली मंडळी तो सांभाळतात, आणि ही मंडळी काळजीपूर्वक लिहिण्याबद्दल नावाजलेली आहेत. १ जुलै २०२४ रोजी क्वालिस या सुरक्षा कंपनीने (तिचं मोठं केंद्र आपल्या पुण्यात आहे) जाहीर केलं की लिनक्सवर चालणाऱ्या ओपनएसएसएचमध्ये पासवर्डशिवाय थेट रूट होता येईल, म्हणजे यंत्राचा पूर्ण ताबा घेता येईल, अशी फट आहे. इंटरनेटवर उघडे असलेले १ कोटी ४० लाखांहून जास्त सर्व्हर या फटीच्या टप्प्यात असू शकतात, असा त्यांचा अंदाज होता. गंमत म्हणजे फट नवी नव्हतीच. २००६ साली मार्क डाउड यांनी ती दाखवली होती, त्याच वर्षी ती बुजवली गेली, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये कोडची मांडणी सुधारताना पुन्हा उघडली. मार्च २०२१ च्या ८.५ आवृत्तीपासून ती जगभर पोचली. म्हणूनच या प्रकरणाला 'रिग्रेशन' या इंग्रजी शब्दावर कोटी करणारं नाव दिलं गेलं.

आता सिग्नल म्हणजे काय ते बघा. लातूरच्या अडतीच्या दुकानात मुनीम खतावणी लिहितोय. एका खात्याला रक्कम नावे टाकली, दुसऱ्याला जमा टाकायची आहे, पेन अजून कागदावरच आहे. तेवढ्यात घंटा वाजते. या दुकानाचा नियम असा की घंटा वाजली की हातातलं काम आहे तिथे सोडायचं आणि आधी घंटेचं काम करायचं. घंटेचं काम जर 'एक चिठ्ठी खिळ्याला अडकव' एवढंच असेल तर काही बिघडत नाही. पण ते काम 'हीच खतावणी उघड आणि आणखी एक रक्कम टाक' असं असेल तर? अर्ध्या लिहिलेल्या पानावर नवी नोंद होईल आणि मेळ कायमचा चुकेल. खरा मुनीम म्हणेल, 'थांबा शेठ, एवढी ओळ होऊ द्या.' संगणक म्हणत नाही. तो तत्क्षणी काम सोडतो.

घंटा म्हणजे सिग्नल, आणि घंटेसरशी करायचं काम म्हणजे सिग्नल हँडलर. मेमरीचा हिशेब ठेवणारं मॅलॉक नावाचं फंक्शन असतं, ती आपली खतावणी समजा. हँडलरच्या आत कोणती फंक्शनं चालतील याची यादी ठरलेली आहे. मॅलॉक त्या यादीत नाही, नेहमीचं प्रिंटएफ नाही, सर्व्हरच्या नोंदवहीत ओळ टाकणारं सिसलॉगही नाही. म्हणून जाणते लोक हँडलरमध्ये फक्त एक खूण करून ठेवतात आणि खरं काम मुख्य प्रोग्रॅम सवडीने करतो.

ओपनएसएसएचमध्ये नियम असा की पाहुणा आला आणि १२० सेकंदांत त्याने ओळख पटवली नाही, तर घंटा वाजते आणि त्याला बाहेर काढलं जातं. बाहेर काढताना 'अमक्याची मुदत संपली' अशी नोंद सिसलॉगमार्फत व्हायची. लिनक्सवरच्या ग्लिबसी या लायब्ररीत सिसलॉग आतून मॅलॉकला बोलावतं. हल्लेखोराने एवढंच साधायचं की १२० वा सेकंद नेमका खतावणी अर्धी असताना पडावा. हे जमायला सरासरी १०,००० प्रयत्न लागतात, आणि क्वालिसने ३२ बिटच्या यंत्रावर करून पाहिलं तेव्हा सरासरी सहा ते आठ तास. एवढा धीर चोराजवळ असतोच.

२००६ च्या दुरुस्तीत या नोंदीभोवती एक अट घातली होती. मराठीत सांगायचं तर, 'सिग्नलच्या आत नोंद करणं जिथे सुरक्षित आहे तिथेच नोंद कर, नाहीतर मुकाट्याने बाहेर पड.' २०२० मध्ये नोंदी करण्याची सगळी व्यवस्था नव्याने रचली गेली आणि त्या धांदलीत ही अट गळाली. ही मंडळी ज्या ओपनबीएसडीवर काम करतात तिथे अट नसली तरी बिघडत नव्हतं, कारण सिग्नलमध्ये चालेल असं वेगळं सिसलॉग त्यांनी २००१ मध्येच करून ठेवलं होतं. म्हणजे लेखकाच्या स्वतःच्या घरात तो शब्द फालतूच होता. त्याची गरज शेजारच्या घरात होती. चाचण्यांनाही हे सापडणं अवघड, कारण चाचणी सुरू असताना घंटा नेमकी त्याच क्षणी वाजायला हवी.

इथे मला आपल्या पैठणच्या एकनाथांची आठवण होते. त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी भाबडेपणाने बरंच आत घुसवलं होतं. यापुढे कुणी आपली ओवी त्यात घालू नये, अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. ग्रंथाला ही ताकीद शोभते. सर्व्हरच्या कोडला ती लावता येत नाही, तो बदलावाच लागतो. आणि एकनाथांचा धाक भर घालणाऱ्यांना होता. आपल्या प्रकरणात घात झाला तो वजा करण्याने.

वजाबाकी कशी तपासायची हे मात्र आपल्या शास्त्रकारांना चांगलं ठाऊक होतं. पतंजली पाणिनीच्या सूत्रातला एकेक शब्द उचलून विचारतो, हा कशाला? हा नसता तर कोणतं रूप बिघडलं असतं? वैयाकरणांच्या लाघवाच्या वेडाची आपण थट्टा करतो, पण हा प्रश्न विचारल्याशिवाय ते अक्षरही काढत नसत. नैयायिक याला पदकृत्य म्हणतात. तर्कसंग्रह शिकवताना रूपाचं लक्षण येतं: केवळ डोळ्यांनीच कळणारा गुण म्हणजे रूप. विद्यार्थ्याला विचारायचं, 'केवळ' काढला तर काय होईल? संख्याही डोळ्यांना दिसते, पण ती स्पर्शानेही कळते. 'केवळ' गेला की लक्षण संख्येवर जाऊन बसतं. अतिव्याप्ती झाली.

आता हेच ओपनएसएसएचला लावा. अट काढली. 'नोंद कर' ही आज्ञा आता कुणाकुणाला लागू होते? ओपनबीएसडीला होतीच, पण लिनक्सलाही लागू झाली, जिथे ती व्हायला नको होती. सरळ अतिव्याप्ती! सत्तर-ऐंशी रुपयांच्या पुस्तकात आहे हो हे. (हशा)

सगळा दोष २०२० वर टाकणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. माझ्या मते २००६ ची दुरुस्ती हे थिगळ होतं. हँडलर तसाच गलेलठ्ठ राहिला, आणि त्याचा निरुपद्रवीपणा एका अटीच्या धाग्यावर लटकत राहिला. ज्या कोडची सुरक्षितता दुसऱ्याच संस्थेच्या लायब्ररीच्या पोटात काय चालतं यावर अवलंबून आहे, तो कोड वाचणाऱ्यावर अन्याय करतो. वाचकाने समोरचं पान नीट वाचलं तरी त्याला कारण सापडत नाही, कारण ते त्या पानावर नाहीच.

एक छोटं विषयांतर. सिगहप नावाचा सिग्नल आहे. मूळ अर्थ, टेलिफोनची लाइन तुटली. आज एनजिनएक्ससारखा सर्व्हर त्याचा अर्थ 'सेटिंग पुन्हा वाच' असा घेतो. शब्द तोच, पण अर्थ पार पालटला. तेव्हा जुना हँडलर दुरुस्त करणाऱ्याला शब्दाचा इतिहासही वाचावा लागतो.

२०२४ च्या ९.८ आवृत्तीतली दुरुस्ती मला खरी समीक्षक वृत्तीची वाटते. त्यांनी प्रोग्रॅमचे दोन भाग केले. दारावर बसणारा एक, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याशी बोलणारा दुसरा. घंटा वाजली की दुसरा काहीही लिहीत नाही. एक ठरलेला आकडा मागे ठेवून तो तिथल्या तिथे संपतो. दारावरचा तो आकडा बघतो आणि वहीत नोंद करतो, आपल्या सवडीने, हातातली ओळ पुरी करून. अट पुन्हा चिकटवून भागलं असतं. पण मग दहा वर्षांनी आणखी कुणी ती काढली असती.

ज्यांना लगेच नवी आवृत्ती बसवता येत नव्हती त्यांना सांगितलं गेलं, मुदत शून्य करा, म्हणजे घंटा वाजणारच नाही. खतावणी वाचते. पण मग ओळख न सांगता बसून राहणारे सगळ्या खुर्च्या अडवू शकतात आणि खरा पाहुणा दाराबाहेरच ताटकळतो. तो धोका पत्करूनही पुष्कळांना तेच करावं लागलं. असो, आता प्रश्न घेऊ.