जुनं ते सोनं, पण पाय सांभाळून

"आमच्या वेळी" या दोन शब्दांनी सुरू होणारं वाक्य बहुधा अर्धंच खरं असतं. हे मी अधिकारानं सांगतो, कारण अशी वाक्यं मीही टाकतो. वडील लॅम्ब्रेटा चालवताहेत, त्यांच्या पुढ्यात मी उभा, मागं आई आणि आईच्या मांडीवर धाकटी बहीण. हेल्मेट कोणालाच नाही. ही गोष्ट मी प्रत्येक लग्नात जेवणाच्या पंगतीत सांगतो आणि शेवटी विचारतो, "काही झालं का आम्हाला?"

त्यामुळं काही वर्षांपूर्वी भाच्यानं आम्हा दोघांना कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळच्या फमोसोला, जुन्या ड्रॅग रेसिंगच्या गाड्यांच्या मेळाव्याला नेलं, तेव्हा मला परक्या मुलुखात आल्यासारखं वाटलंच नाही. तिथं सगळेच "आमच्या वेळी" म्हणत होते. फक्त इंग्रजीत.

ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या, सरळ रस्ता आणि पाव मैल अंतर. वळण नाही. 1950 साली सांता अ‍ॅनाच्या विमानतळाच्या धावपट्टीवर हा खेळ तिकीट लावून सुरू झाला. 1951 साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली, ती पोरांनी रस्त्यावर गाड्या उडवण्यापेक्षा शिस्तीत शर्यत लावावी म्हणून. म्हणजे पाहा, ज्या बिननियमांच्या जमान्यासाठी लोक उसासे टाकतात, त्याच्या बारशालाच नियमांचं पुस्तक हजर होतं! आता पुस्तक पातळ होतं, हे खरं. 1963 साली दिव्यांचा खांब येईपर्यंत झेंडा घेतलेला एक गृहस्थ गाड्यांसमोर उडी मारून शर्यत सुरू करून देत असे. त्याच्या विमा एजंटाची मला फार काळजी वाटते.

त्या काळची गाडी मात्र देखणी, यात वाद नाही. दोन लांब नळ्या, पुढं सायकलसारखी बारीक चाकं, मग उघडंनागडं इंजिन आणि सगळ्यात मागं, मागच्या चाकांच्याही मागं, चालक. तिला नाव स्लिंगशॉट, म्हणजे आपली गलोल. गलोलीत दगडाच्या जागी माणूस. इंजिन तोंडासमोर, त्यामुळं तेल उडालं तर चष्म्यावर. आणि क्लच दोन पायांच्या मध्ये. इंधन नायट्रोमिथेन. हे इंधन इतकं तापट की 1957 साली असोसिएशननं त्याच्यावर बंदी घातली, आणि इतकं लाडकं की 1963 साली ती उठवावी लागली.

संध्याकाळी मुख्य सोहळा झाला. जुन्या गाड्या ढकलत चालू केल्या, ओळीनं उभ्या केल्या आणि जागच्या जागी त्यांची इंजिनं फुरफुरवली. धावायचं नाही, नुसतं गर्जायचं. ज्वाळा निघाल्या, डोळे झोंबले, छाती आतून हलली. खोटं कशाला बोला, माझ्याही अंगावर काटा आला. शेजारचे एक पांढऱ्या मिशांचे आजोबा ओरडून म्हणाले, "आमच्या वेळी हे असले नियम नव्हते! काही झालं का आम्हाला?" एवढं बोलून त्यांनी कानांत बोळे घातले. मलाही दोन दिले.

मी बायकोला आजोबांचं म्हणणं कौतुकानं मराठीतून सांगितलं. ती म्हणाली, "ज्यांना झालं, ते मेळाव्याला आलेले नाहीत."

बायकांना परंपरेचा आदर म्हणून नाही. पण घरी येऊन मी वाचत गेलो, आणि आदर माझाही कमी होत गेला. 8 मार्च 1970 रोजी लाँग बीचच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले, त्यांच्या उजव्या पावलाचा एक भाग गेला, एक प्रेक्षकही जबर जखमी झाला. गार्लिट्सनी इंजिन चालकाच्या मागं नेलं. लोक म्हणाले, असली गाडी सरळ धावायची नाही. 1971 साली ती पोमोनाची मोठी शर्यत जिंकली. काही वर्षांतच वरच्या वर्गातून गलोली दिसेनाशा झाल्या.

गार्लिट्स निदान नवी गाडी काढायला उरले. माइक सोरोकिन उरले नाहीत. 1966 साली याच फमोसोवर ते मार्च मीट जिंकले होते. 30 डिसेंबर 1967 रोजी, ऑरेंज काउंटीच्या ट्रॅकवर, क्लच फुटून ते गेले. घरी तान्हा मुलगा होता. त्या मुलानं, अ‍ॅडमनं, 2010 साली त्याच फमोसोवर तीच मार्च मीट जिंकली, तीही पुढं इंजिन असलेल्या गाडीतून! दिसायला गाडी बापाच्या जमान्याची. पण क्लचभोवतीचं कवच, पिंजरा, पट्टे, अंगावरचा कपडा, सगळं आजच्या नियमांनुसार. माझं सगळं टीकाशास्त्र या एका गाडीत मावतं. जुन्याची हौस नव्या नियमांच्या जिवावर भागते.

आजोबांचं काहीच चुकत नव्हतं, असं नाही. त्या काळी दोघं-तिघं मित्र घरामागच्या गॅरेजात गाडी जोडून रविवारी नामवंतांशी भिडू शकत. आज त्याला कंपनीची थैली लागते. हे खरंच गेलं आणि त्यासाठी रडावं. पण ते नियमांनी नाही, पैशानं नेलं. आपण रडतो बरोबर, फक्त चुकीच्या मयताला जातो.

लॅम्ब्रेटाची गोष्ट मी अजूनही पंगतीत सांगतो. शेवटचा प्रश्न मात्र हल्ली गाळतो. बायको समोरच्या पाटावर असते.